टायरची हवा : आकडा दाराच्या खांबावर आहे

गणपतीला महिना उरला की पत्रांत एकच विषय येतो. हवा किती ठेवू? आकडा प्रत्येकाच्या गाडीवर छापलेला असतो, पण विचारलं जातं ते पंपावरच्या पोराला नाहीतर मेहुण्याला. तेव्हा या वेळी सगळी उत्तरं एकत्र.

माझ्या हॅचबॅकच्या टायरवर कमाल ५१ पीएसआय लिहिलंय. पंक्चरवाला म्हणतो, ४५ भरा, मायलेज वाढेल. भरू का? (चिपळूण)

नको. ५१ पीएसआय (पंपावर ज्याला पाऊंड म्हणतात तेच) ही त्या टायरची सहनशक्ती, तुमच्या गाडीची गरज नव्हे. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पाटी दिसेल. काही गाड्यांत ती पेट्रोलच्या झाकणाच्या आत असते. आकडा केपीएमध्ये असेल तर २३० म्हणजे ३३ पीएसआय आणि २५० म्हणजे ३६. बारमध्ये असेल तर साडेचौदाने गुणा. जादा हवेने टायर मधल्या पट्ट्यातच झिजतो आणि ओल्या घाटात पकड जाते, ते मायलेज परवडणार नाही.

आंबोली चढताना हवा कमी करावी लागते का? (देवगड)

नाही. उंचीमुळे गेजवर, म्हणजे हवा मोजायच्या मापकावर, जेमतेम एक पीएसआय वाढतो आणि वरच्या गारव्याने जवळजवळ तेवढाच उतरतो.

दरवर्षी डोंबिवलीहून कणकवलीला गाडीने जातो. पाच माणसं, डिकी गच्च, टपावर बॅगा. लांबच्या प्रवासात हवा तापून टायर फुटतो म्हणून निघताना चार पाऊंड कमी ठेवतो. बरोबर ना? (डोंबिवली)

साफ चूक. आणि ही चूक इतक्या जणांच्या डोक्यात पक्की बसली आहे की जरा सविस्तर सांगतो.

लोखंडी तार वाकवून वाकवून तोडताना ती जिथे वाकते तिथेच चटका बसण्याइतकी तापते. टायरचं तेच. मध्यम गाडीच्या टायरचा घेर सुमारे दोन मीटर, म्हणजे किलोमीटरला ५०० फेरे. ताशी ८० च्या वेगाला सेकंदाला अकरा वेळा त्याची बाजूची भिंत जमिनीपाशी दबते आणि सुटते. हवा कमी असेल तर ती जास्त दबते, वर पाच माणसांचं ओझं असेल तर आणखी. बहुतेक उष्णता या वाकण्यातून येते. आतले धागे रबरापासून सुटू लागतात आणि भरधाव वेगात भिंत फाटते. लोक म्हणतात, ‘हवा जास्त झाली, फुटला.’ बहुतेक वेळा तो कमी हवेने फुटलेला असतो.

योग्य हवा भरलेला टायरही धावताना तापतो. सकाळी ३३ असलेला आकडा महामार्गावर ३८ दिसेल. ते धरूनच पाटीवरचा आकडा ठरवलेला असतो. म्हणून वाटेत चहाला थांबल्यावर ‘वाढली वाटतं’ म्हणत हवा सोडू नका. सोडलीत तर गार झाल्यावर ती २८ वर येईल.

तुमच्या प्रवासाला तर हवा वाढवायला हवी. पाटीवर बहुधा दोन रकाने असतात : एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरा पूर्ण भारासाठी. दुसऱ्यात मागच्या चाकांचा आकडा सहसा जास्त असतो. निघण्याआधी तो भरा. परतताना तांदूळ-नारळ येणारच, तेव्हा डोंबिवलीत पोचून सामान उतरेपर्यंत तोच ठेवा. टपावर किती किलो चालतं तेही गाडीच्या पुस्तिकेत बघा. हवा वाढवली म्हणून ती मर्यादा वाढत नाही.

पावसाचंही यातच आलं. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत खचतो, खाचांतून पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि कमी वेगालाही गाडी पाण्यावर तरंगते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज तिथवर आली की खोली १.६ मिमी उरली असं समजा. कोकणातल्या पावसात तिथवर वाट बघू नका.

मोजायचं सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना. पंप लांब असेल तर स्वतःचा गेज घ्या. घरी २९ दिसली आणि हवी ३३, म्हणजे ४ कमी. पंपावर पोचेपर्यंत ती ३१ झाली असेल, तर ३५ करा. फरक तेवढाच भरायचा. आजवर कमी हवेवर गाडी पळवली आहे, तेव्हा या वर्षी निघण्याआधी चारही टायर चांगल्या टायरवाल्याकडून आतून तपासून घ्या. आत काळा भुगा निघाला तर तो टायर बदलायचाच. आणि हे आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी करा.

नायट्रोजन भरला की हवा बघावी लागत नाही म्हणे? (रत्नागिरी)

लागते. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरलेला नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू गळतो, फायदा एवढाच. तापल्यावर तोही फुगतो. हिरव्या टोपीचे पैसे द्यायचे तर द्या, पण पंपावर साधी हवा मोफत मिळायला हवी. दोन्ही एकत्र झाले तरी बिघडत नाही.

घर समुद्रालगत आहे. मागच्या डाव्या चाकातली हवा आठवड्याला चार-पाच पाऊंड उतरते. पंक्चर सापडत नाही. दोन महिने भरूनच चालवतोय. (गुहागर)

दोन महिने! महिन्याला एक-दोन पाऊंड उतरणं ठीक, हे गळणं आहे. व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर आतली पिन बदलायची. मग व्हॉल्व्हचं रबर मुळाशी वाकवून बघा, भेग असेल तर व्हॉल्व्ह नवा. इथेही काही नसेल तर रिमच्या कडेला फेस लावा. खाऱ्या हवेत अलॉयच्या (मिश्रधातूच्या) रिमच्या कडेवर पांढरी भुकटी धरते आणि टायर तिथे घट्ट बसत नाही. टायर उतरवून कड तारेच्या ब्रशने साफ करायची, सीलर लावून पुन्हा बसवायचा. हे काम टायरवाल्याचंच, घरी नको. आणि चमकदार धातूच्या टोप्या काढून प्लॅस्टिकच्या लावा, धातूच्या खारीने अशा जाम होतात की टोपीबरोबर व्हॉल्व्हच मोडून येतो.

किनाऱ्यावर गाडी नेताना हवा किती कमी करावी? (दापोली)

नेऊच नका. कित्येक ठिकाणी मनाई असते, आणि भरती थांबत नाही. रुतलेली गाडी काढायला १८ पीएसआयपर्यंत उतरवतात, कारण टायर पसरून वाळूवर बसतो. पण तेवढ्या हवेवर झटकन वळवलं तर टायर रिममधून निघतो. म्हणून सरळ आणि हळू काढायची, आणि डांबरी रस्त्यावर चढण्याआधी हवा भरायची. भरायचा पंप जवळ नसेल तर उतरवू नका, ओढून काढा. नंतर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन सर्व्हिस सेंटरला ब्रेक दाखवा.

हवा भरली तरी डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा जात नाही. (अलिबाग)

काही गाड्यांत हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं, पद्धत पुस्तिकेत आहे. मग थोडं अंतर चालवा. तरी गेला नाही तर सेन्सर तपासून घ्या.

स्टेपनीत किती? (मालवण)

इतर चाकांच्याच मापाची असेल तर पाटीवरचा सगळ्यात मोठा आकडा. बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यावरच लिहिलेला असतो, बहुधा ६० पीएसआय, आणि त्यावर वेग ८० च्या आत. ती डिकीत सगळ्यात खाली असते, तेव्हा सामान भरण्याआधी बघा.