कोण कोणासाठी थांबलंय?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ३१ वर्षांची, डोंबिवलीला राहते आणि अंधेरी पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबच्या मुख्य ऑफिसात काम करते. जुलैत मला टीम लीडर केलं. आमच्या ११ कलेक्शन सेंटरांवरच्या नोंदी जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात न्यायच्या आहेत, दसऱ्याच्या आत. हातात १२ आठवडे, माझ्यासकट सात माणसं. त्यातले एक सर ५३ वर्षांचे. मी लागले तेव्हा त्यांनीच मला सगळं शिकवलं. त्यांना काम सांगताना माझी जीभ रेटत नाही. बाकीचे ‘होऊन जाईल’ म्हणतात आणि शुक्रवारी बघावं तर सगळं अर्धवट. मग मीच बसून पुरं करते, घरी पोचायला रोज रात्रीचे साडेदहा. हे मला जमणार नाही असं वाटायला लागलंय. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचताना मला १९९२ साल आठवलं. मी तेव्हा विक्रोळीच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला होते, वयानं तुझ्याएवढीच. दोन मोठी यंत्रं एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवायचं काम माझ्याकडे आलं. मी भिंतीवर भलामोठा बार चार्ट लावला. ४३ कामं, प्रत्येकापुढे नाव आणि तारीख. तरी यंत्राच्या पायाचं काम आठ दिवस मागे पडलं. मी शेडमध्ये गेले आणि सगळ्यांदेखत सिव्हिलच्या मुकादमाला बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, खड्डा कधीच तयार आहे. बोल्टांची ड्रॉइंग मिळाली नाही.” ती ड्रॉइंग माझ्याच टेबलावर, ट्रेमध्ये, माझ्या सहीसाठी पडली होती.

गेलेले आठ दिवस पुढे भरूनही निघाले नाहीत. काँक्रीट पुरत्या ताकदीला यायला साधारण २८ दिवस धरतात. तिथं माणसं वाढवून काही होत नाही. मुकादमाची मी त्याच्या माणसांसमोरच माफी मागितली. त्या दिवसापासून मी स्वतःला एकच प्रश्न विचारायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी तो विचारला : आत्ता कोण कोणासाठी थांबलंय? माझ्या चार्टवर कोण आणि कधी हे दोन्ही होतं. हे तिसरं नव्हतं.

तू तेवढंच कर. एका दुपारी सहाही जणांना एकत्र बसव, पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या कर, एका चिठ्ठीवर एक काम. ‘किती दिवस लागतील’ हे आधी विचारू नकोस, कारण त्याचं उत्तर ‘होऊन जाईल’ हेच येतं. प्रत्येकाला विचार, ‘तुझ्या हातात काय आलं की तू सुरू करशील? आणि तुझ्या हातून काय निघालं की पुढचा सुरू करेल?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दाखवता येईल अशी वस्तू हवी. ‘नोंदी तपासणं’ हे काम शुक्रवारी अर्धवट असतंच, ते कधीच संपत नाही. ‘घाटकोपर सेंटरची, दुबार नावं काढलेली यादी, फोल्डरमध्ये’ ही गोष्ट एकतर असते किंवा नसते.

मग चिठ्ठ्या एकामागे एक लाव. तुझ्या पत्रावरून मी अंदाजे मांडून बघते, आकडे तू दुरुस्त कर. नोंदी साफ करणं ३ आठवडे, नव्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणी २, दोन सेंटरांवर प्रत्यक्ष वापर २, उरलेली नऊ सेंटरं ३. प्रत्येक काम आधीच्यासाठी थांबलेलं, म्हणून झाले १० आठवडे. बारकोडचे प्रिंटर यायला समज ४ आठवडे लागतात. ते सेंटरांवरच्या वापराआधी म्हणजे पाचव्या आठवड्याअखेर आले की पुरे, त्यामुळे तिथं आठवडाभर उशीर चालेल. पहिल्या साखळीत मात्र एक दिवस गेला की दसऱ्याचा एक दिवस गेला. या सर्वांत लांब साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास ही रीत बसवली, कारखान्यांची बांधकामं आणि देखभाल वेळेत व्हावी म्हणून. मी ती कॉलेजात शिकले होते, परीक्षेत गणितंही सोडवली होती. पण गणितात कुठलं काम कुठल्यासाठी थांबलंय हे दाखवणारे बाण आयते काढून दिलेले असतात. कामावर ते माणसांना विचारून काढावे लागतात.

आणि गणपती! तुझ्या १२ आठवड्यांत गणपती येतात. टीममधलं कोण कोकणात जाणार आहे हे आजच विचार. रेल्वेची तिकिटं त्यांनी कधीच काढून ठेवली असतील, रजेचा अर्ज मात्र आदल्या आठवड्यात येईल. तो एक आठवडा कॅलेंडरवर सरळ काट मारून वजा कर. उरले ११, साखळी १० ची. म्हणजे तुझ्या हाताशी एक आठवडा मोकळा आहे. तो साहेबांना आत्ताच सांग, दसऱ्याच्या चार दिवस आधी नको. मुसळधार पावसात गाड्या बंद पडल्या तर जातील ते दिवसही त्याच आठवड्यातून जाणार.

मुंबईत हे शिकायला मला डबेवाल्यांइतकं कुणी उपयोगी पडलं नाही. त्यांचं काम १८९० पासून चाललंय. घरून डबा उचलणारा एक, स्टेशनवर लावणारा दुसरा, ऑफिसात पोचवणारा तिसरा, आणि मधे अशी लोकल जी कुणासाठी थांबत नाही. प्रत्येक गटाला एक मुकादम असतो, आणि तो त्यांच्यातूनच वर आलेला असतो. गटात एखाददुसरा माणूस जादा ठेवलेला असतो, कुणी आजारी पडला तर त्याची लाइन सांभाळायला. तुमच्या टीमला जादा माणूस मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हा निदान प्रत्येक काम दोघांना येत असावं एवढं बघ.

आता सर. पद बदललं म्हणून हाक बदलायची नाही. ते ‘सर’च राहतील, अहो-जाहोच राहील. त्यांच्या टेबलाशी तू जा, एकटी, दोन चहा सांगून. जुन्या नोंदींत एकाच रुग्णाची तीन नावं असतात तेव्हा खरं कुठलं, हे तुमच्या ऑफिसात बहुधा त्यांनाच कळतं. तो निर्णयच त्यांच्याकडे दे. ‘दुबार नोंदींत तुम्ही म्हणाल ते अंतिम, मीही बदलणार नाही,’ असं सांग आणि मग खरंच बदलू नकोस, निदान मुलांसमोर तर नाहीच. वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला काम सांगितलेलं डाचत नाही, न विचारता सांगितलेलं डाचतं. माझ्या हाताखाली माझ्याहून १८ वर्षांनी मोठे फोरमन होते, म्हणून हे खात्रीनं सांगते.

तरीही त्यांची यादी आली नाही तर? तेव्हाही गप्प बसू नकोस आणि रात्री स्वतः यादी करू नकोस. सांग, ‘सर, बुधवारी यादी मिळाली नाही तर पुढचं काम करणाऱ्या दोघी गुरुवारी रिकाम्या बसतील.’ त्यात तुझा अधिकार मधे येत नाही. त्यांना फक्त दिसतं की त्यांच्यासाठी कोण थांबलंय.

तुझ्या साडेदहाबद्दल थोडं कठोर बोलते, राग मानू नकोस. तू रात्री दुसऱ्यांची कामं पुरी करत असतेस तेव्हा तुझ्या ट्रेमध्ये काय पडलेलं असतं? प्रिंटरची मंजुरी गेली का? प्रत्यक्ष वापरासाठी आधी कुठली दोन सेंटरं हे कळवलंस का? ती कामं तुझ्याशिवाय कुणी करू शकत नाही आणि त्यांच्यासाठी सहाजण थांबलेले असतात. रोज सव्वादहाला, सगळ्यांच्या गाड्या आल्यावर, दहा मिनिटं उभ्यानंच भेटा. ‘काल काय केलंस’ असं विचारलं की हजेरी घेतल्यासारखं होतं. ‘तू कशासाठी थांबलायस’ एवढंच विचार, आणि पहिल्यांदा उत्तर तू दे. अर्धवट काम ज्याचं त्याच्याकडे परत जाऊ दे. पहिले दोन शुक्रवार जड जातील, ती सोसायची तयारी ठेव. दहा आठवड्यांच्या साखळीत ते सुरुवातीला सोसलेले बरे. आणि जमेल तुला. ज्याला काम अर्धवट राहिलेलं बघवत नाही, त्याला हे शिकवता येतं. उलट्या माणसाला शिकवणं फार अवघड जातं, मी करून पाहिलंय.

प्रश्न : मी परळला राहतो, बी.कॉम. आहे. भिवंडीच्या एका गोदामात आठ वर्षं सुपरवायझर आहे. मित्र म्हणतात पीएमपी, म्हणजे प्रकल्प चालवण्याचं प्रमाणपत्र कर, पगार वाढेल. क्लासची फी मोठी आहे. करावं का?
– एक वाचक, परळ

उत्तर : आधी नियम बघा. पीएमपीच्या परीक्षेला बसायला पदवीधराला प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. रोजची आवक-जावक सांभाळणं त्यात धरत नाहीत. ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि शेवटी काहीतरी नवं उभं राहतं, तेच काम धरतात. गोदामातले रॅक बदलणं, नवी शेड सुरू करणं, स्टॉक कागदावरून संगणकावर नेणं ही अशी कामं. आठ वर्षांत तुम्ही यातली नक्की केली असणार.

फी भरण्याआधी एक वही घ्या. प्रत्येक कामाची सुरुवातीची आणि शेवटची तारीख, किती माणसं होती, काय अडलं, तुम्ही काय केलंत, हे लिहा. महिने ३६ भरत नसतील तर क्लास थांबवा आणि साहेबांकडून पुढचं असं काम मागून घ्या. भरत असतील, तर ज्या साहेबांच्या हाताखाली ती कामं केलीत त्यांना फोन करून ठेवा. अर्ज तपासणीला निघाला तर अनुभवाची खातरजमा त्यांच्याकडूनच करून घ्यावी लागते, आणि गोदामांतले साहेब नोकऱ्या बदलत असतात.