सीटी स्कॅन नॉर्मल, तरी एमआरआय कशासाठी?

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या पुतणीला तीव्र ताप, उलट्या आणि झटके आले. जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेला सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरीही मेंदूला सूज असावी म्हणून डॉक्टरांनी नागपूरला एमआरआयसाठी पाठवले आणि तिथे दोष दिसला. पोर आता बरी आहे. पण पहिली तपासणी चुकली का?
— एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : पहिली तपासणी चुकली नाही. सीटी स्कॅन क्ष-किरणांवर चालतो. रक्तस्राव, मोठी गाठ किंवा वाढलेला दाब तो काही मिनिटांत दाखवतो आणि अत्यवस्थ रुग्णात आधी हेच पाहावे लागते. दाहाच्या सुरुवातीला मात्र रक्तवाहिन्यांतून पाझरलेले थोडेसेच पाणी पेशींभोवती साचलेले असते आणि तेवढ्या बदलाने क्ष-किरणांच्या चित्रात फारसा फरक पडत नाही. एमआरआय या पाण्यातील हायड्रोजनकडूनच संकेत घेतो. त्याच्या ‘फ्लेअर’ नावाच्या चित्रांत मेंदूभोवतीच्या नेहमीच्या पाण्याचा संकेत दाबलेला असल्याने सुजलेला भाग पांढरा उठून दिसतो.

तो भाग कुठे आहे, यालाही महत्त्व असते. जपानी मेंदूज्वरात मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमस बहुधा दोन्ही बाजूंना बाधित दिसतो, तर हर्पिसच्या विषाणूमुळे होणाऱ्या दाहात कानशिलाजवळचा भाग. तरीही केवळ चित्रावरून जंतूचे नाव ठरत नाही. त्यासाठी पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी आणि रक्त तपासावे लागते. आपल्या भागात ही काळजी अधिकच घ्यावी लागते, कारण गडचिरोलीत मेंदूपर्यंत जाणारा मलेरियाही आढळतो आणि वालुमाशीमुळे पसरणारा चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावात प्रथम सापडला होता.

एमआरआय नॉर्मल आला तरी दाह नाहीच, असेही म्हणता येत नाही; शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते अशा काही आजारांत तो अनेकदा नॉर्मल असतो. त्यामुळे हर्पिसचा संशय असल्यास असायक्लोव्हिर हे औषध चित्राची वाट न पाहता सुरू केले जाते, आणि ते योग्यच आहे. तापात मूल बरळू लागले, ओळखेनासे झाले किंवा त्याला झटका आला, तर मोठ्या तपासणीसाठी पैसे जुळेपर्यंत घरी थांबू नये; जवळचे ग्रामीण रुग्णालय आधी गाठावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुतणीच्या एमआरआयच्या फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड मात्र जपून ठेवा. पुढे पुन्हा झटके आले, तर नवे चित्र याच जुन्या चित्राशी ताडून पाहावे लागेल.