पंचवीसचा कट्टा

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

‘लेखिका म्हणू नका, काका’ असं तू बजावलंयस, तरी म्हणतोच. चाळीस पानं हातानं लिहायची, खाडाखोड झाली म्हणून पहिल्यापासून पुन्हा उतरवून काढायची आणि भर उन्हात अर्धं सोलापूर ओलांडून माझ्या दारात आणून द्यायची, एवढं केल्यावर दुसरं काय म्हणणार?

कथा दोनदा वाचली. कडू गोळी आधी देतो. तुझ्या राज्यात बर्फ पडतो, किल्ल्यातल्या शेकोटीपाशी बसून राजपुत्र चीज खातो आणि त्याचं नाव एल्डोरियन आहे. तू बर्फ पाहिलेला नाहीस, मीही नाही. पडताना तो वाजतो की नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक नाही, आणि ते पानोपानी कळतं. सत्ताविसाव्या पानावर मात्र मी थांबलो. तिथं म्हातारी चेटकीण पकडून आणलेले आत्मे मोजते. ती त्यांच्याकडं बघत नाही. बोलता बोलता अंगठा फिरत राहतो, पंचवीस झाले की दोरा आपसूक गुंडाळला जातो, आणि एखादा कमी असला तर ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. अंगावर काटा आला माझ्या. हे कुठून आलं ते विचारावं लागलं नाही. विडीचा कट्टा असाच बांधतात. आणि तुझ्या चिठ्ठीत तू काय लिहितेस? ‘आमच्या घरात वाचणारं कुणी नाही, आई विड्या वळते, मी सुताच्या दुकानात हिशेब लिहिते. अशा घरातून फँटसी लिहिणारं कुणी येतं का?’

येतं. पण अशी उदाहरणं म्हणजे परवाना नव्हे, हे आधी ऐकून ठेव, आणि मग वाच.

ऑक्टेव्हिया बटलर नावाच्या विज्ञानकथा लिहिणाऱ्या बाई होत्या, अमेरिकेतल्या, कृष्णवर्णीय. जन्म 1947 चा, कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावचा. वडील बूटपॉलिश करायचे, ते लवकर गेले. आई गोऱ्यांच्या घरी कामाला जायची आणि मालकांनी टाकून दिलेली पुस्तकं पोरीसाठी घरी आणायची. पोरीला अक्षरं नीट लागायची नाहीत, डिस्लेक्सिया होता. साधारण बाराव्या वर्षी तिनं टीव्हीवर मंगळावरून आलेल्या बाईचा एक सिनेमा बघितला. तो इतका टुकार होता, की याहून बरं मी लिहीन म्हणून ती वही घेऊन बसली. पुढं भांडी घासणं, फोनवरून माल खपवणं, कारखान्यात बटाट्याच्या चिप्स तपासणं, अशा नोकऱ्या केल्या, त्याही पहाटे दोनला उठून आधी लिहून मग. आपल्या वहीत त्या स्वतःलाच हुकूम सोडायच्या: मी लेखिका होणार, माझी पुस्तकं खपणार, तसंच होवो, आणि तसं होईल हे तूच बघ.

ही हकीकत लोक ‘बघा कशी जिद्द’ म्हणून सांगतात. मला त्यातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो. आई लोकांच्या घरात मागच्या दारानं जायची, समोर कुणी काही बोललं तरी ऐकून घ्यायची, याची बटलरबाईंना लहानपणी लाज वाटायची. पुढं कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, आपल्या मागच्या पिढीनं इतकं मुकाट सोसलं की त्या सगळ्यांना मारून टाकावंसं वाटतं, पण सुरुवात आईबापांपासून करावी लागेल. बाईंना ते वाक्य सोसेना. त्यातून 1979 ची ‘किंड्रेड’ आली. तिच्यात 1976 सालातली एक काळी बाई पुन्हा पुन्हा भूतकाळात खेचली जाते, थेट गुलामांच्या मळ्यावर. कसल्या यंत्रानं जाते ते बाईंनी सांगितलेलंच नाही. त्यांना यंत्र नकोच होतं. मान खाली घालून जगणं म्हणजे नेमकं काय आणि त्याला किती बळ लागतं, ते एका आजच्या बाईच्या अंगावर घालून बघायचं होतं. आईची लाज आणि त्या लाजेची लाज, दोन्ही त्या पुस्तकात आहे. तुझ्या चिठ्ठीत ‘आई विड्या वळते’ हे वाक्य तू दोन स्वल्पविरामांच्या मधे दडवलंयस, म्हणून एवढं लांबण लावलं.

बाकीचे भराभर सांगतो. आयझॅक असिमॉव्ह तीन वर्षांचा असताना घरचे रशियातून अमेरिकेत आले. बापाचं ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटं आणि मासिकं विकायचं दुकान. मासिकांतल्या असल्या गोष्टी बापाला कचरा वाटायच्या, पण एका मासिकाच्या नावात ‘सायन्स’ होतं म्हणून परवानगी मिळाली. जीन वुल्फ इंजिनियर, प्रिंगल्सच्या चिप्स तळायच्या यंत्रावर त्यानं काम केलेलं. (बटलरबाई चिप्स तपासायच्या, हा यंत्र बनवायचा. चिप्सचा आणि कल्पनेचा काय संबंध, देव जाणे.) त्याच्या कादंबरीतल्या छळ करणाऱ्यांच्या संघाला कारखान्यासारखी शिस्त आहे, उमेदवारी आहे, हत्यारं पुसून ठेवायची पद्धत आहे, म्हणून तर भीती वाटते. चीनचा लिऊ त्सशिन औष्णिक वीजकेंद्रात कॉम्प्युटर इंजिनियर होता आणि कामाच्या वेळात लिहायचा. आपल्या फताटेवाडीच्या प्रकल्पात कुणी बसलं असेल का असं, कुणास ठाऊक. त्याच्या कादंबरीला 2015 चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार, मिळाला.

आता ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टॉल्किन. याच्याच शेकोट्या आणि लांब कानांची माणसं तू उसनी आणलीयस, म्हणून त्याचं नीट सांगतो. चार वर्षांचा असताना बाप गेला, बाराव्या वर्षी आई. पहिल्या महायुद्धात 1916 साली फ्रान्सातल्या सोमच्या खंदकात होता, तिथून तापानं फणफणत परत आला. जिवलग मित्र मात्र, एक सोडून, त्या युद्धातच संपले. नंतर ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या कचेरीत ‘डब्ल्यू’पासून सुरू होणाऱ्या शब्दांची व्युत्पत्ती शोधत बसायचा. पुढं प्राध्यापक झाला, पण चार पोरांचा संसार, म्हणून उन्हाळ्यात शाळांचे पेपर तपासायचा. एका मुलानं एक पान कोरं सोडलं होतं. कंटाळलेल्या टॉल्किननं त्यावर हॉबिटबद्दलचं पहिलं वाक्य खरडलं. तो आधी भाषा बनवायचा, व्याकरणासकट, आणि मग त्या बोलायला कुणीतरी हवं म्हणून माणसं. म्हणजे ती लांब कानांची माणसं त्याच्या धंद्यातून आली. तू त्याचा माल उचललास, धंदा नाही.

धंद्यावरून माझं सांगतो. संगणक यायच्या आधी मी चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचो, चौकटीच्या कागदावर. त्या कागदाची एकेक ओळ वाचून पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडायची. एका ओळीला एक पट्टी. सगळ्या पट्ट्या दोऱ्यानं शिवून त्यांची माळ मागावरच्या जॅकार्ड यंत्रावर चढवायची. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, मधून धोटा जातो. बस, एवढंच. मोर, पान, कमळ सगळं त्या भोकांत. एकदा मोराच्या मानेपाशी माझं एक भोक चुकलं. कागदावरचा मोर झकास होता. माल उतरला तेव्हा प्रत्येक चादरीतल्या प्रत्येक मोराच्या गळ्यावर एकाच जागी तोच टिपका. मालकानं एक शब्द काढला नाही, नुसती चादर माझ्या टेबलावर पसरून गेला. पगारातून जे कापलं गेलं त्यापेक्षा ते जास्त लागलं.

तुझ्या नवव्या पानावर चेटकिणीची शक्ती चांदण्यात चालत नाही. एकतिसाव्या पानावर ती भर पौर्णिमेला राजपुत्राचा दगड करते. भोक चुकलं, पोरी. जादूच्या राज्यातही धागा उगाच वर येत नाही.

भाषेचं तू फार मनाला लावून घेतलंयस. ‘घरी तेलुगू बोलतो, माझी मराठी कच्ची, ल आणि ळ चुकतात.’ अगं, जयंत नारळीकरांची शाळा बनारसची, हिंदीतली. पुढचं शिक्षण केंब्रिजला. तरी विज्ञानकथा लिहायला बसले तेव्हा मराठीत लिहिली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केलेली, बघ. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. तोवर पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती. नावावर कुणीही छापलं असतं. तुला वाटतं आपली पार्श्वभूमी आड येते, त्यांना वाटत होतं आपली पार्श्वभूमी वशिला लावेल. दोघांचा उपाय एकच: कागद पुढं करायचा आणि आपण बाजूला व्हायचं.

बंगालच्या बेगम रोकेयांना तर घरात बंगाली आणि इंग्रजी शिकायची मुभा नव्हती. थोरला भाऊ रात्री सगळे झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात शिकवायचा. 1905 मध्ये, नवरा दौऱ्यावर गेलेला असताना वेळ घालवायला म्हणून त्यांनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. तिच्यात बायका सूर्याच्या उष्णतेवर राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात असतात. नवरा परत आला, उभ्या उभ्याच सगळी वाचली आणि म्हणाला, भयंकर सूड आहे! (नवरा भला होता, कौतुकानंच म्हणाला.) परकी भाषा, दोन दिवस आणि रिकामं घर.

तुला तर चार भाषा फुकट मिळाल्यात. घरी तेलुगू, शेजारी कानडी, बाजारात दखनी, दुकानाच्या वहीत मराठी. आपण दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतल्या तैलाभिषेकाला ‘यण्णीमज्जन’ म्हणतो. यण्णी म्हणजे कानडीत तेल, हे किती जणांना ठाऊक असतं? एल्डोरियनला नाव शोधायला इंग्लंडला कशाला जायचं?

आता तो परवाना. ही चरित्रं उलटी वाचू नकोस. गरिबी होती म्हणून बटलर झाल्या, असं नसतं. त्यांच्या गल्लीत गरिबी सगळ्यांकडंच होती. आणि अमेरिकेतल्याच फँटसी लेखिका उर्सुला ले ग्विन, त्यांचं घर पुस्तकांनी भरलेलं, बाप नामांकित मानववंशशास्त्रज्ञ, आई लेखिका, अणुबॉम्बवाले ओपनहायमर घरी यायचे. अकराव्या वर्षी मासिकाला पाठवलेली गोष्ट तरी साभार परत आलीच, आणि तिशी ओलांडेपर्यंत हातात फारसं काही पडलं नाही. तीन मुलं झोपली की लिहायच्या. बापाकडून त्यांना ओळखीपाळखी मिळाल्या असतील, पण कामाला आली ती एक सवय: दुसऱ्या समाजात गेलं की आधी लोक काय खातात, कुणाला काय हाक मारतात, कशाची शपथ घेतात ते बघायचं. ती सवय तुला सुताच्या दुकानातही लागू शकते.

आपल्याकडचे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ पितळे, यांचं तर मला कोडंच वाटत आलंय. शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखालचा भाग लुळा झाला. आणि अंथरुणाला खिळलेल्या या माणसानं ‘वीरधवल’सारखी घोडदौडीची अद्भुतरम्य कादंबरी लिहिली. यावरून काही सिद्ध करू नये. मी करत नाही.

तुला घरचा अभ्यास देतो. सिद्धरामेश्वरांची गोष्ट तुला पाठ आहे: कुंभाराची मुलगी लग्न करीन म्हणते, योगी नाही म्हणतात, आणि शेवटी योगदंडाशी लग्न लागतं. संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, दुसऱ्या दिवशी होम. आठशे-नऊशे वर्षं हे शहर त्या लग्नाला जातंय. त्या मुलीला काय वाटलं असेल, यावर मला दोन पानं दे. नुसतं ‘दुःख झालं’ नको. तिच्या हाताला मातीचा वास होता का, चाक फिरवताना ती काय मोजायची, तिथून सुरू कर.

नोकरी सोडू का, असंही विचारलंयस. नको. इंग्लंडचा फँटसी लेखक टेरी प्रॅचेट तिथल्या वीजमंडळात अणुकेंद्रांचा जनसंपर्क अधिकारी होता. कासवाच्या पाठीवर हत्ती आणि हत्तींवर जग, या त्याच्या मालिकेतली पहिली कादंबरी 1983 ला आली, नोकरी सोडली 1987 ला. शिवाय सुताचे काउंट, गासड्या, उधारी, कोण कुणाचं किती देणं, यावर एक अख्खं राज्य उभं राहील. तुझ्या कथेतल्या राज्यात अजून कुणीच कुणाचं देणं लागत नाही, हेही मला खटकलंच होतं.

आईला ते सत्ताविसावं पान वाचून दाखव. मराठी कळायला जड गेलं तर तेलुगूत सांग. दोरा गुंडाळायच्या जागी ती काही दुरुस्ती सुचवेल असा माझा अंदाज आहे, ती लिहून घे.

वही तयार आहे, समासात पेन्सिलीनं लिहिलंय. ल-ळ मी दुरुस्त केलेत, त्याची चिंता करू नकोस. न्यायला केव्हाही ये, फक्त आमच्याकडं नळाला पाणी येतं तो दिवस सोडून. त्या दिवशी मी कुणाचाच नसतो.

तुझा,
काका