जावात विंडोलिसनर (खिडकी उघडली, बंद होतेय अशा घटना ऐकणारा इंटरफेस) थेट इम्प्लिमेंट केला तर काय बिघडतं? अ‍ॅडॅप्टर क्लास हवाच का?

बिघडत काही नाही, टायपिंग वाढतं. फुलीवर क्लिक केल्यावर प्रोग्रॅम बंद व्हावा, एवढ्यासाठी सात मेथड का लिहायच्या, हा तुमचा वैताग रास्त आहे. पण इंटरफेस म्हणजे करार, त्यातली सगळी कलमं पाळावी लागतात. तुम्हाला हवी एकटी विंडोक्लोजिंग, म्हणजे फुलीवर क्लिक झाल्यावर चालणारी मेथड; उरलेल्या सहांना नुसते रिकामे महिरपी कंस. विंडोअ‍ॅडॅप्टर म्हणजे प्रत्येक रकान्यात आधीच 'निरंक' लिहून ठेवलेला फॉर्म. तो एक्स्टेंड करायचा आणि आपल्या कामाचा तेवढा रकाना भरायचा.

तुमचा क्लास आधीच फ्रेम (खिडकीचा क्लास) एक्स्टेंड करतोय आणि जावात दोन क्लास एक्स्टेंड करता येत नाहीत. म्हणून अ‍ॅडविंडोलिसनरच्या कंसातच विंडोअ‍ॅडॅप्टरचा निनावी क्लास, म्हणजे नाव न देता जागच्या जागी लिहिलेला क्लास, लिहा. लिसनर, अ‍ॅडॅप्टर आणि इनर क्लास (क्लासच्या आतला क्लास, निनावी त्यातलाच) हे तिन्ही १९९७ च्या जेडीके १.१ या जावाच्या आवृत्तीत एकदमच आले, ते उगाच नाही.

आता ज्यात मी स्वतः आपटलोय ते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये मी विंडोक्लोजिंगमधला 'सी' कॅपिटलऐवजी स्मॉल लिहिला. कंपाइल झालं, एरर नाही, फ्रेम उघडली, पण फुलीवर कितीही क्लिक करा, ढिम्म. अख्खं प्रॅक्टिकल त्यात गेलं. झालं होतं असं की कंपायलरने ती माझी नवीनच मेथड समजली आणि फुलीवर क्लिक केलं की अ‍ॅडॅप्टरमधली रिकामी मेथड इमानेइतबारे चालत होती. इंटरफेस थेट इम्प्लिमेंट केला असता तर 'एक मेथड राहिली' म्हणून कंपायलरने तिथेच अडवलं असतं. अ‍ॅडॅप्टरने टायपिंग वाचतं, पण हा पहारा जातो. तो परत हवा असेल तर मेथडच्या डोक्यावर ओव्हरराइड अ‍ॅनोटेशन (@Override ही खूण) लिहाच. जावा ५ पासून ते आहे, तरी लॅबच्या जर्नलमध्ये अजून कुणी लिहीत नाही!

अ‍ॅक्शनलिसनरचा (बटण दाबलं वगैरे ऐकणारा) अ‍ॅडॅप्टर शोधत बसू नका, तो नाहीच. त्यात मेथडच एक, आणि जावा ८ पासून तिथे लॅम्डा (क्लास न लिहिता थेट दिलेला छोटा कोड) चालतो. माउसलिसनरमध्ये पाच मेथड आहेत, तिथे लॅम्डा चालत नाही, माउसअ‍ॅडॅप्टरच घ्या. जावा ६ पासून त्यात ड्रॅग आणि चाकाच्या मेथडही आहेत, पण नोंदणी वेगवेगळी करावी लागते. ड्रॅग चालत नसेल तर आधी अ‍ॅडमाउसमोशनलिसनर लिहिलंय का ते बघा.