२९ ऑगस्ट या तारखेला अमेरिकेत हवामानाच्या कोणत्या मोठ्या घटना घडल्या?

दोन चक्रीवादळं, दोन्ही लुईझियाना राज्यात, बरोबर १६ वर्षांच्या अंतरानं: २००५ मध्ये कतरिना आणि २०२१ मध्ये आयडा.

कतरिना पाचव्या, म्हणजे वाऱ्याच्या वेगानुसार सर्वांत वरच्या, श्रेणीचं होतं असं सर्रास लिहिलं जातं. ते आदल्या दिवशी, समुद्रात असताना. सकाळी सहाच्या सुमारास किनाऱ्यावरच्या ब्युरास गावाजवळ धडकलं तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीत उतरलं होतं. वारे ताशी सुमारे २०५ किमी. तरीही न्यू ऑर्लिन्स शहराचा जवळपास ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, आणि त्यात वाऱ्यापेक्षा बांधकामाचा दोष मोठा. शहरातल्या सतराव्या रस्त्याच्या कालव्यावरची पूर अडवणारी भिंत तर पाणी माथ्याला पोचण्याआधीच गेली. पाण्याच्या दाबानं भिंत बाहेरच्या बाजूला कलली, कालव्याच्या बाजूला भिंत आणि माती यांच्यात फट पडली, फटीत पाणी शिरलं आणि खालच्या मऊ चिकणमातीसकट बांध सरकला. भिंतीच्या आधारासाठी जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे पुरेसे खोल नव्हते.

आयडा वाऱ्यानं जास्त जोरदार, ताशी २४० किमी, लुईझियानातल्याच पोर्ट फोर्शन बंदराला आलं. तोवर कालव्यांच्या मुखाशी दरवाजे आणि पंप बसले होते, त्यामुळे न्यू ऑर्लिन्सचे बांध टिकले. मात्र वीजवाहिन्या कोसळून अख्खं शहर अंधारात गेलं.

आयडाचे अवशेष १ सप्टेंबरला न्यूयॉर्कवर पोचले. सेंट्रल पार्कात तासाभरात ८० मिमी पाऊस पडला आणि शहराच्या क्वीन्स भागात तळघरातल्या घरांत माणसं बुडून मेली.