बचत गटाने काजू प्रक्रिया युनिट काढायचं तर भांडवल किती लागतं आणि यंत्रं कोणती घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की गाव सिंधुदुर्गातलं आहे, गटात दहा जणी आहेत, आजूबाजूला काजूच्या बागा आहेत आणि पीएमएफएमई योजनेत (केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची योजना) ३५ टक्के अनुदान मिळतं म्हणून यंत्रांची कोटेशनं गोळा करणं चालू आहे. माझं म्हणणं, कोटेशनं तूर्त बाजूला ठेवा. काजूत पैसा अडकतो तो बी खरेदीत, आणि बुडतो तोही बहुतेक वेळा तिथेच.

आधी हिशोब बघा. दहा जणींचं काम साधारण असं वाटलं जातं: दोन जोड्या कटिंगला (एक बी फोडते, दुसरी गर काढते), चार-पाच जणी सोलणीला, एक जण वाफवणं, ड्रायर आणि ग्रेडिंग बघायला. हात बसल्यावर यातून दिवसाला १०० किलोच्या आसपास बी निघते. वर्षाचे २५० दिवस धरले तर २५ टन बी हवी. भाव दरवर्षी हलतो, हिशोबापुरता १५० रुपये किलो धरला तर साडेसदतीस लाख रुपये झाले. ही खरेदी करायला मिळतात मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे अडीच महिने. मिरग लागला की भिजलेली, काळी पडलेली बी येऊ लागते. विक्रीचा जोर मात्र गणपती ते दिवाळी. म्हणजे यंत्रं सहा-सात लाखांची आणि बी सदतीस लाखांची. यंत्र विकणारा हे सांगत नाही, त्याला सांगायचं कारणही नाही.

बऱ्याच ठिकाणी होतं ते असं: यंत्रं येतात, उद्घाटन होतं, गटाकडे दोन-तीन लाख उरलेले असतात, त्यात महिन्याभराची बी येते आणि जूननंतर शेड बंद. कटिंगला हात बसलेल्या बायका दुसऱ्या कामाला लागतात, पुढच्या हंगामात पुन्हा शिकवण्यापासून सुरुवात. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने चालू.

म्हणून युनिटचं माप खेळत्या भांडवलावरून ठरवा. १५ लाख उभे राहत असतील तर १० टन बी, म्हणजे शंभर दिवसांचं काम. उरलेल्या दिवसांत जॉब वर्क घ्या. बागायतदाराची किंवा मोठ्या कारखान्याची बी ठरलेल्या मजुरीवर फोडून-सोलून द्यायची. यात नफा कमी, पण पैसा त्यांचा अडकतो, तुमचा नाही, आणि हात चालू राहतात. पहिलं वर्ष निव्वळ जॉब वर्कवर काढलं तरी काही बिघडत नाही, उलट फूट, म्हणजे किती गर मोडतो, ती दुसऱ्याच्या मालावर कळते. (त्याला किती गर परत द्यायचा हे मात्र आधी नमुना फोडून, म्हणजे खाली सांगितलेली कटिंग टेस्ट करून, लिहून ठेवा. भांडणं तिथेच होतात.)

आता योजना. पीएमएफएमईत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे आणि स्वतःचा वाटा किमान १० टक्के. पण ते बँक कर्जाशी जोडलेलं आहे, हातात रोख येत नाही. रक्कम कर्जखात्याशी जोडून ठेवतात, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षांनी खातं नियमित आणि युनिट चालू असेल तरच ती कर्जात वळती होते. सहा लाखांच्या यंत्रांवर २ लाख १० हजार सुटतील, पण तीन वर्षं शेड चालवून. बी खरेदीला यातलं काही मिळत नाही. बचत गटांसाठी याच योजनेत सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल आहे, ते आधीपासून अन्नप्रक्रियेत असलेल्या सदस्यांसाठी आणि उमेदच्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) प्रभागसंघामार्फत येतं. दहाही जणी पात्र ठरल्या तरी ४ लाख, म्हणजे सव्वीस-सत्तावीस दिवसांची बी. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते. तिचं मानधन सरकार देतं, तुमच्याकडून टक्केवारी मागितली तर तालुका कृषी कार्यालयात विचारा. योजना चालू आहे का, मुदत किती, हेही तिथेच आधी खात्री करून घ्या.

यंत्रांच्या मुदत कर्जाबरोबरच त्याच बँकेकडे कॅश क्रेडिट, म्हणजे बी खरेदीसाठी लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज, मागा. दोन्ही एकाच प्रकल्प अहवालात मांडा. नंतर वेगळं मागायला गेलात तर शाखाधिकारी आधी वर्षभराची उलाढाल दाखवा म्हणतो. दुसरा मार्ग पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेचा. त्यात काजू बी बसते. शेतकऱ्याने बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. किलोमागे कमाल मर्यादा असते, ती समितीत विचारा. ही योजना व्यापाऱ्यासाठी नाही, पण तुमच्या बागायतदारांनी तिथे बी ठेवली तर त्यांना आजचा खर्च भागवता येतो आणि तुम्ही ऑगस्टमध्ये त्यांच्याकडून उचलू शकता. गावात व्यापाऱ्याची उचल हंगामाआधीच वाटली गेलेली असते. तिच्याशी टक्कर द्यायला रोख पैसा नसेल तर हाच एक बरा रस्ता.

बी घेताना भाव कमी पडावा म्हणून घासाघीस करण्यापेक्षा उतारा, म्हणजे बीतून किती गर निघतो ते, तपासा. कटिंग टेस्ट अशी: गोणीच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ घेऊन एक किलो नमुना करा. आधी बिया मोजा. किलोत १६०-१८० बसल्या तर बी मोठी, २१० च्या वर गेल्या तर बारीक. मग सगळ्या फोडा. चांगला गर वेगळा तोला, डागी आणि सुरकुतलेला वेगळा तोलून निम्मा धरा, कुजलेला-किडलेला शून्य. जे ग्रॅम येतील ते उताऱ्याचं खरं माप. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींत गर ३० टक्क्यांच्या आसपास निघतो, मिसळ गावठी बीत २४-२६ वर समाधान मानावं लागतं. सगळ्यांना एकच भाव दिला की वेंगुर्ल्याची बी व्यापाऱ्याकडे जाते आणि पोचट बी तुमच्याकडे येते. उताऱ्याप्रमाणे दोन भाव ठेवा.

दुसरी गळती ओलाव्याची. १६ टक्के ओलाव्याची बी ८ टक्क्यांवर वाळवली की १०० किलोची साधारण ९१ किलो उरते. म्हणजे १५० ने घेतलेली बी वाळून १६४ ला पडली. खळ्यावर दोन-तीन दिवस ऊन द्या, दिवसातून चार वेळा परता, हलवल्यावर गर आत वाजला पाहिजे. ओलावा मोजायचं मीटर घ्याच, पॅकिंग मशीन एक वर्ष उशिरा आलं तरी चालेल. साठवण गोणपाटात, प्लास्टिक विणीच्या पोत्यात नको, आत घाम धरतो. गोण्यांखाली लाकडी फळ्या, भिंतीपासून फूटभर अंतर. कोकणातल्या पावसात दर पंधरा दिवसांनी एक-दोन गोण्या फोडून बघायच्या. बुरशीचा वास आला तर थांबू नका, ती बी आधी फोडून घ्या.

यंत्रांत काय घ्यायचं: बी आकारानुसार वेगळी करणारी चाळणी, वाफवायचा कुकर आणि छोटा बॉयलर, हातापायाने चालणारी तीन-चार कटिंग यंत्रं, ट्रे ड्रायर, वजनकाटे. अर्धस्वयंचलित कटिंग यंत्राचा मोह सुरुवातीला टाळा. बी नीट आकारवार नसेल तर ते गर कापून टाकतं. बॉयलर घेताना नोंदणीचा कागद मागा, गावात वेल्डिंग करून बनवलेल्या दाबाच्या टाकीजवळ दहा बायका उभ्या करू नयेत.

बिघडतं कुठे, ते वाफवण्यात. वाफ कमी पडली तर टरफल सुटत नाही आणि गर टरफलाबरोबर मोडतो. जास्त झाली तर टरफलातलं तेल आत शिरतं आणि गर पिवळा पडतो. वेळ कुकरच्या दाबावर आणि बीच्या आकारावर ठरते, म्हणून चाळणी आधी. प्रत्येक नव्या लॉटला पाच-सहा किलोचा चाचणी घाणा काढून बघा. वाफवलेली बी सावलीत पातळ पसरून रात्रभर निवू द्या. ढिगात ठेवली तर आत गरमी धरते, गरम असतानाच फोडली तर पातं घसरतं. टरफलातल्या तेलाने हात भाजतात, फोड येतात. हातमोजे द्या, ते घालून काम उरकत नाही म्हणणारीला निदान एरंडेल आणि राख.

गर ड्रायरमध्ये ७० अंशांच्या आसपास सहा ते आठ तास, मधून ट्रे खालीवर करत. ८० च्या वर गेलात की तांबूस होतो आणि स्कॉर्च्ड (करपलेला) म्हणून कमी भावात जातो. बाहेर काढल्या काढल्या सोलू नका, गर ठिसूळ असतो. थोडा निवला, किंचित हवा लागली की साल सुटते. पावसाळ्यात मात्र त्याच दिवशी सोलून संपवा, दुसऱ्या दिवशी साल पुन्हा चिकटते. सोललेला माल पॅकिंगआधी पुन्हा ड्रायरमध्ये फिरवून ओलावा ५ टक्क्यांच्या आत आणा, नाहीतर दिवाळीपर्यंत खवट होतो.

आता फुटीचा हिशोब. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून बघा. वाळलेली १०० किलो बी १६,४०० रुपयांना पडली, उतारा २६ किलो. तीन चतुर्थांश अख्खा ८५० ने, बाकी पाकळी-तुकडा सरासरी ६५० ने, एकूण २०,८००. मजुरी, जळण, पॅकिंग, व्याज मिळून ३,५०० धरा. हातात ९०० राहिले. अख्खा ७५ ऐवजी ६० टक्के आला तर ७८० गेले, उरले १२०. आणि अख्खा ७५ टक्केच राहून उतारा २६ ऐवजी २४ निघाला तर क्विंटलमागे ७०० रुपये तोटा. दोन किलोंचा फरक सगळा नफा खाऊन वर तोटा करतो, आणि तो ठरतो खरेदीच्या दिवशी.

विक्रीला ग्रेड वेगळे ठेवा. डब्ल्यू २४० म्हणजे पौंडात २४० पर्यंत अख्खे गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३२० पर्यंत. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. पाकळी आणि कणी मिठाईवाल्यांना वर्षभर लागते, ती पाकिटात भरत बसू नका. अख्खा माल पाव आणि अर्धा किलोच्या पाकिटात पर्यटकांना आणि मुंबईच्या ओळखीत जातो. सगळा माल उधारीवर दुकानात देऊन मोकळं होऊ नका. मार्चमध्ये तो पैसा हातात नसेल तर पुढची बी कशाने घेणार?

कागदपत्रांत उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे. पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, पत्ता आणि तक्रारीचा फोन हवाच. जीएसटीत एक खाच आहे. नोंदणीकृत युनिटने शेतकऱ्याकडून टरफलासकट बी घेतली तर ५ टक्के कर रिव्हर्स चार्जने तुम्हालाच रोखीत भरावा लागतो. पुढे तो वजा मिळतो, पण मधले महिने तेवढा पैसा अडकतो. १० टनांच्या मापात उलाढाल वीस लाखांच्या आसपास. नोंदणीची मर्यादा नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांची आहे, पण जॉब वर्क ही सेवा धरतात, तीही करत असाल तर २० लाखांची. २५ टनांना मात्र दोन्ही ओलांडाल, तेव्हा भांडवलात हे पाच टक्केही धरा.

तांत्रिक शंका वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात विचारा, तिथे काजूवर काम चालतं. आणि टरफल बॉयलरमध्ये जाळू नका. त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो, शेजारी तक्रार करतात आणि चिमणीत डांबर साचतं. ते तेल काढणाऱ्या कारखान्याला विका, जळणाला तेल काढून उरलेली पेंड आणा.