तबला, खुसरो आणि तोंडी परीक्षा

प्रश्न : माझा मुलगा तबल्याच्या परीक्षेला बसतोय. त्याच्या वहीत लिहिलंय, ‘अमीर खुसरो यांनी पखवाज मधोमध कापून तबला बनवला.’ त्याचे आजोबा म्हणतात, ही थाप आहे. तोंडीला विचारलं तर त्यानं काय सांगायचं?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, आधी आजोबांना माझा नमस्कार सांगा. नौपाड्यातल्या माझ्या क्लासात हीच थाप मी कित्येक वर्षं मारत आलोय. ‘टूटा, तब भी बोला’ म्हणून तबला, असं म्हणून डग्ग्यावर एक थाप दिली की पोरं खूश! एकदा सातवीतल्या मुलीनं विचारलं, ‘सर, पखवाज आरपार पोकळ असतो. कापला तर दोन्ही तुकडे खालून उघडेच राहतील ना? आपला तबला तर तळाला बंद असतो.’ मी तिला पाणी प्यायला पाठवलं.

नंतर वाचत बसलो. ‘तब्ल’ हा मुळात ढोलासाठीचा अरबी शब्द. आज आपण वाजवतो तो तबला दिल्लीत अठराव्या शतकात रुजला. दिल्ली घराण्याचे मूळ पुरुष मानले जाणारे सिद्धार खाँ त्याच काळातले. खुसरो जन्मले १२५३ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या पटियालीला, आणि गेले १३२५ मध्ये. मध्ये चार शतकं! सतारीचं श्रेयही खुसरोंनाच देतात, तिचीही तीच गत. अठराव्या शतकातल्या कुणा खुसरो खाँचं श्रेय नावाच्या घोळात यांच्या खात्यावर जमा झालं, असं अभ्यासक मानतात.

पण तबला काढून घेतला म्हणून खुसरोंचं काही अडत नाही. वडील तुर्क, आई इथलीच. फारसीतले मोठे कवी. १३१८ च्या ‘नुह सिपिहर’ या काव्यात त्यांनी इथली हवा, पक्षी, भाषा, संगीत यांचं भरभरून कौतुक केलंय. त्यांच्या नावावरच्या हिंदवी मुकऱ्या तर मला फार आवडतात. ऐकणाऱ्याला वाटावं साजणाबद्दल चाललंय, आणि शेवटी निघावं भलतंच. आमच्या ठाण्याची मुकरी अशी :

दिवा मालवला की जवळ येतो,
कानाशी लागून गुणगुणतो,
झोपेचं माझ्या खोबरं करतो –
‘काय गं, साजण?’ ‘नाही गं, डास!’

(चाल लावू नका, मी लावून पाहिलीय.)

गुरू निजामुद्दीन औलिया गेले तेव्हा खुसरो बंगालच्या स्वारीवर होते. परतले आणि सहाएक महिन्यांत तेही गेले. कबर गुरूंच्या जवळच आहे, दिल्लीत. त्यांचे कवीमित्र आणि गुरुबंधू अमीर हसन मात्र आपल्या खुलताबादला विसावलेत. वेरूळला गेलात तर वाट थोडी वाकडी करा.

आता तोंडीचं. मुलानं दोन वाक्यं सांगावीत, याच क्रमानं : ‘परंपरेनं तबल्याचं श्रेय अमीर खुसरोंना देतात. पुरावे मात्र अठराव्या शतकातल्या दिल्लीचे आहेत.’ परीक्षकांच्या भुवया वर गेल्याच, तर वेळ न घालवता हातावर ताल धरून दिल्ली घराण्याचा कायदा (म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरावीक रचना) म्हणायला घ्यावा : धा धा तिट धा धा तूना.